तिघांचं बुकिंग

सीमेवरच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं आधी पासपोर्ट मोजले, मग माणसं मोजली आणि पुन्हा पासपोर्ट मोजले. पासपोर्ट तीन, माणसं दोन. त्यानं तिसरा उघडून फोटो पाहिला, बाबांच्या खांद्यावरून मागची रांग न्याहाळली आणि दोघांनाही धड न येणाऱ्या भाषेत विचारलं, ह्या बाई कुठे आहेत?

"मागून येतेय," बाबा त्याच भाषेत म्हणाले. बिनदिक्कत, नेहमीच्या आवाजात.

लेकीनं पुढे होऊन तिसरा पासपोर्ट ओढून घेतला आणि दोन बोटं दाखवली. दोघंच. अधिकाऱ्यानं खांदे उडवले, दोन शिक्के मारले.

"एकाच पाकिटात असतात ना तिन्ही," बसकडे परत जाताना बाबा म्हणाले. "सवयीनं आणला."

"असू दे."

दुःखात माणूस काहीही बोलून जातो, असं तिला वाटलं आणि तिनं ते तिथंच सोडून दिलं.

लेकीनं चाळिशी ओलांडली होती. एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालायचं काम ती वीस वर्षं करत होती, हाताखाली चार माणसं होती, केस निम्मे पांढरे झाले होते; पण घरात ती बेबीच होती. ग्रंथालयातल्या कुणाला हे कळलं तर आपली उरलीसुरली जरब जाईल, असं ती गमतीनं म्हणायची. म्हणजे आई होती तोवर म्हणायची. तीन महिन्यांत तिनं गमतीनं काहीच म्हटलं नव्हतं.

ही सहल आईनं ठरवलेली. कपडे लहान-मोठे करून देण्याच्या एका दुकानात आई मशीनवर बसायची. पाच-सहा वर्षांपूर्वी दुकानातल्या कॅलेंडरवर एका महिन्याला शेजारच्या देशातलं हे बंदराचं गाव आलं होतं. पांढरी घरं, दगडी धक्का आणि एक लाल होडी. महिना संपल्यावर आईनं ते पान फाडून मशीनसमोर चिकटवलं. दुसऱ्यांच्या पँटी आखूड करता करता मान वर केली की समोर समुद्र.

"समुद्र आपल्याकडेही आहे की," बाबा म्हणायचे. "पाणी तेच."

"पाणी तेच असेल. मी वेगळी असेन ना," आई म्हणायची.

शेवटी बाबा निवृत्त झाले, बेबीनं तिघांचे पासपोर्ट करून घेतले आणि आईनं एका रविवारी चष्मा नाकावर सरकवून, एकेक बटण दहा दहा वेळा विचारत, स्वतःच्या बोटानं फोनवर बुकिंग केलं. एक शनिवार-रविवार. बसच्या तीन जागा, तीन खाटांची एक खोली. आई गेल्यावर ते रद्द करायचं तर फोन कुणी करायचा, इथं घोडं अडलं. बाबांनी केला नाही, बेबीनं केला नाही आणि तारीख येऊन ठेपली.

बसमध्ये दोन जागा शेजारी होत्या, तिसरी मधली वाट सोडून पलीकडच्या खिडकीची. बाबांनी तिच्यावर बॅग ठेवली होती.

बेबी आली होती ती समुद्रासाठी नाही. तिला बाबांना एकच गोष्ट विचारायची होती. घरी ती विचारता येत नव्हती. घरी बाबा सतत काहीतरी करत असायचे. नळ घट्ट करायचे, घड्याळं लावायचे, रद्दी बांधायचे. इथं दोन दिवस त्यांच्या हाताला काही काम नसणार, एवढाच तिचा हिशेब.

गोष्ट चष्म्याची होती.

आई दवाखान्यात होती पाच दिवस. गुरुवारी तिनंच बेबीला कामावर पिटाळलं. शुक्रवारी दुपारी एक वाजता बेबीनं फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे. नेहमीसारखंच. उद्या ये सावकाश." पावणेसातला त्यांचा फोन आला, "ये." साडेतीन तासांचा रस्ता. ती पोचली तेव्हा आई उताणी, हात दोन्ही बाजूंना नीट ठेवलेले आणि डोळ्यांना चष्मा.

"झोपेतच गेली," बाबा म्हणाले होते. "तिला काही कळलं नाही."

हे वाक्य बेबीनं तीन महिने उशाशी घेतलं होतं. पण आई चष्मा लावून कधी झोपली नव्हती. दुपारी पाच मिनिटं पाठ टेकायची तरी चष्मा काढून त्याच्या घरात घालायची आणि ते घर उशीखाली. ते घर तिनंच उरलेल्या चिंध्यांचं शिवलेलं होतं. त्या दिवशी बेबीनंच चष्मा काढला, घरात घातला, आणि तेव्हापासून तो तिच्या पर्समध्ये होता. उजव्या काचेवर बोटाचा ठसा होता. आईचा शेवटचा ठसा म्हणून तिनं तो पुसला नव्हता.

झोपेत गेली तर चष्मा कसा? बाबांनी एवढंच सांगायचं होतं.

गावात मोसम संपला होता. धक्क्यावरच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीनं बांधल्या होत्या, त्यांच्यावरचं प्लॅस्टिक वाऱ्यानं फडफडत होतं. ओहोटी होती. समुद्र इतका मागं गेला होता, की समोर नुसता राखाडी चिखल आणि त्यात कलंडलेल्या दोन होड्या. लाल त्यात एकही नव्हती.

लॉजच्या मालकीणबाईंनी तीन खाटांवर तीन टॉवेल घडी करून ठेवले होते. दोघांना पाहून त्या जिन्याकडे बघत थांबल्या. बेबीनं पुन्हा दोन बोटं दाखवली. दिवसभरात हे दुसऱ्यांदा. मालकीणबाई मधल्या खाटेवरची चादर काढायला वाकल्या.

"राहू दे," बाबा मराठीतच म्हणाले, आणि त्या बाईला ते कळलं.

"तुम्ही खिडकीजवळ झोपताय का?" बेबीनं विचारलं.

"कुठंही. तू ये खिडकीजवळ. तुला वारं लागतं."

"तुम्हाला खोकला येईल कोपऱ्यात. ओल आहे तिथं."

"खोकला काय, कुठंही येतो."

दोघं दोन टोकांना झाले. मधल्या खाटेवर बॅग ठेवली.

संध्याकाळी ती धक्क्यावर बसली. बाबा समुद्राकडे पाठ करून बसले. रस्त्यापलीकडे गावातल्या बसचा थांबा होता आणि बाबांची नजर तिथून हलेना.

"सात नंबर तीन मिनिटं लवकर सोडली," ते म्हणाले. "ही पद्धत नाही. धावत येणाऱ्याचं काय?"

"बाबा, आपण समुद्र बघायला आलोय."

"बघितला की. गेलाय तो."

चौतीस वर्षं बाबा बस आगारात चौकशीच्या खिडकीत होते. गाडी कुठे आहे, कधी येईल, हे जगाला सांगायचं त्यांचं काम. पक्की बातमी आल्याशिवाय खिडकीतून काही बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. पण खिडकीसमोर माणूस तर उभा असतो. त्याला काहीतरी सांगावं लागतं. म्हणून ते सांगायचे, "येतेय. दहा मिनिटं." गाडी घाटात बंद पडलेली असो की निघालीच नसो, दहा मिनिटं. दहा झाली की पुढची दहा. सगळं आगार त्यांना दहामिनिटे साहेब म्हणायचं, जणू आडनावच. एका नव्या ड्रायव्हरनं तर रजेच्या अर्जावर तसं लिहूनही दिलं होतं, मान्यवर दहामिनिटे साहेब यांस. बाबांनी तो अर्ज तसाच वर पाठवला होता.

"तुझ्या बाबांची दहा मिनिटं म्हणजे माझ्या चड्डीची नाडी," आई लहानपणी बेबीला सांगायची. "ओढाल तेवढी लांब. लग्नाच्या दिवशी पण म्हणाले, दहा मिनिटांत येतो. पाऊण तास हार हातात घेऊन उभी होते मी."

बेबीला धक्क्यावर ते आठवलं, आणि हसू येईल असं वाटता वाटता आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी आईचा चष्मा..."

"चहा घेऊ या का?" बाबा उठले. "वारं फार आहे."

ते पलीकडे गेलेही. चहा मिळाला नाही. दुकानं बंद होती. परत येताना ते थांब्यावरच्या फलकासमोर बराच वेळ उभे राहिले, हात पाठीमागं बांधून. एखादा माणूस देवळात उभा राहावा तसे, असं बेबीच्या मनात आलं. तिनं मग त्या दिवशी पुन्हा विचारलं नाही. रात्री तिघांच्या खोलीत दोघं जागी होती, एवढं दोघांनाही कळत होतं.

रविवारी परतीची बस अडीचला होती. बाबा साडेबारालाच थांब्यावर. लांबच्या आणि गावातल्या, सगळ्या गाड्या तिथूनच सुटायच्या. बाकावर बॅग, बॅगेशेजारी बेबी, आणि बाबा उभे. ते थांब्यावर कधीच बसत नसत.

एकच्या सुमारास एक बाई आली. पन्नाशीची, जाड कोट, हातात मातीची कुंडी. कुंडीत कमरेएवढं रोप, शेंडा कागदात गुंडाळलेला. तिनं फलकावरच्या बारा नंबरवर बोट ठेवलं आणि बाबांना काहीतरी विचारलं. बाबांकडे घड्याळ होतं, मान ताठ होती आणि ते फलकाशेजारी उभे होते. कुठल्याही देशात त्यांना कुणीही हेच विचारलं असतं.

बाबांनी दोन्ही हातांची दहा बोटं वर केली.

बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती बेबीशेजारी बसली, कुंडी मांडीवर घेतली.

दहा मिनिटांनी तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळ पाहिलं, दूरवर रस्त्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा दहा बोटं. इतकं सफाईदार, की बेबीलाही क्षणभर वाटलं, दिसली असेल ह्यांना गाडी. तिसऱ्यांदा बाईनं नुसत्या भुवया उचलल्या. बाबांनी नुसती मान डोलावली. येतेय.

बेबी पाय मोकळे करायला उठली आणि फलकापाशी गेली. वेळापत्रकावर एक कागद तिरपा चिकटवला होता. भाषा येत नव्हती, पण आकडे आकडेच होते. चार मार्ग, त्यांत बारा. पुढे ह्या महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख. सातव्या, म्हणजे रविवारच्या, रकान्यावर वरपासून खालपर्यंत काट.

"बाबा, बारा नंबर आज नाहीच."

"हो."

"तुम्ही वाचलंत हे?"

"कालच वाचलं. वेळापत्रक कुठल्याही भाषेत वाचता येतं."

"मग त्या बाईला..."

"हळू बोल." बाबांनी तिला दोन पावलं बाजूला घेतलं, बाईला भाषा कळणार नव्हती तरी. "नाही म्हणून सांगितलं की माणूस उभा राहतो. इकडे धावतो, तिकडे धावतो, रडतो, भांडतो. गाडी काही येत नाही त्यानं. दहा मिनिटं म्हटलं की खाली बसतो. बघ ना, कशी शांत बसलीय."

बेबीनं पाहिलं. बाई रोपाचा कागद सारखा करत होती. मधूनच रस्त्याकडे बघत होती.

"पण ती वाट बघतेय, बाबा."

"वाट बघणं बरं असतं. काही नसण्यापेक्षा बरं." त्यांनी बाकाकडे पाहिलं. "तुझी आई पण शांत होती."

बेबीला आधी कळलं नाही. मग कळलं. आवाज न चढवता तिनं विचारलं, "आईला काय सांगितलंत तुम्ही?"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. तिथं काही बघायचं नव्हतं.

"दीड वाजता विचारलं तिनं. बेबी कधी येतेय? म्हटलं, निघालीये. पोचेल."

"मी एकला फोन केला होता."

"हो."

"मी निघाले नव्हते, बाबा. तुम्ही म्हणालात उद्या ये."

"डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. म्हणाले, उद्यापर्यंत बघू. पक्कं काही नसताना तुला कसं सांगायचं? घाबरून गाडी हाणत आली असतीस तू." ते खालच्या आवाजात, सावकाश बोलत होते, जणू समोर कुणी लिहून घेत होतं. "म्हटलं, पक्कं कळलं की कळवू."

दीड. साडेतीन तास. पाच वाजता. बेबीच्या डोक्यात ही बेरीज आपोआप झाली आणि तिला ती थांबवता आली नाही.

"मग?"

"मग काय. विचारायची. मी सांगायचो, दहा मिनिटं. तीनला म्हणाली, केस विंचरा माझे. विंचरले. मला कुठं जमतंय, पण विंचरले. चारच्या सुमारास चष्मा मागितला. म्हणाली, बेबी दारातून आली की दिसायला हवी मला. हात थरथरत होते तिचे. मीच लावला."

बाकावरच्या बाईनं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिला हातानं खूण केली. येतेय.

"किती वेळा सांगितलंत?"

"मोजलं नाही." चौतीस वर्षं ज्यानं प्रत्येक गाडी मोजली, तो माणूस म्हणाला. "साडेपाचनंतर ती विचारतच नव्हती. मीच सांगत होतो."

वारं पडलं होतं. प्लॅस्टिक फडफडायचं थांबलं होतं. बेबीला वाटलं, आपण आता ओरडू, किंवा ह्यांच्या कोटाची कॉलर धरू, किंवा निदान रडू. त्यातलं काहीच झालं नाही. ती बाकाकडे गेली, बाईचा दंड धरला, तिला फलकापाशी आणलं आणि कागदावर बोट ठेवलं. बारा. रविवार. काट.

बाईनं वाचलं. दोनदा वाचलं. मग वळून बाबांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती एक वाक्य बोलली. त्यातलं अक्षरही बेबीला कळलं नाही, सूर कळला. मग तिनं कुंडी उचलून काखेत धरली आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं चालायला लागली.

"बघ," बाबा म्हणाले. "आता चालत जाणार. केवढं लांब असेल, काय माहीत."

बेबी बाकावर बसली. बाबा उभे. अडीचची बस अडीचला आली.

आपापल्या जागी बसली दोघं, बॅग तिसऱ्या जागेवर गेली. गाव संपलं. मग बाबांनी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत विचारलं, "बेबी, तिला कळलं असेल का ग?"

तिला आई आठवली. लग्नाच्या दिवशी पाऊण तास हार धरून उभी राहिलेली बाई. संसारभर त्या दहा मिनिटांवर हसलेली. ह्या जगात ती दहा मिनिटं कशाची बनलेली असतात, हे आईइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दीड वाजता तिनं विश्वास ठेवला असेल. तीनला ठेवावा असं तिला वाटलं असेल. साडेपाचला तिनं विचारायचं सोडून दिलं. तरी चष्मा काढा म्हणाली नाही.

दोन उत्तरं जिभेवर होती. त्यातलं एक दिलं असतं तर बाबा शांत बसले असते.

"हो," ती म्हणाली. "कळलं असणार."

बाबांनी मान हलवली. आगारातून पक्की बातमी आली, की ते अशीच मान हलवायचे.

वळणावर ती बाई दिसली. रस्त्याच्या कडेनं चालत होती, कुंडी आता दोन्ही हातांत छातीशी धरलेली, शेंड्याचा कागद उडून गेलेला. बाबा उठले, दांडा धरत ड्रायव्हरपाशी गेले.

"जरा थांबवा," ते मराठीत म्हणाले. "एक जागा आहे आमच्याकडे. रिकामीच आहे."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि तळहातानं खूण केली. बसा. बाई खिडकीला समांतर आली, रोपासकट मागं पडली आणि गेली. बाबा धडपडत परत आले, बॅग मांडीवर घेतली आणि पलीकडच्या तिसऱ्या जागेवर बसले. दोघांच्या मधून वाट होती.

बेबीनं पर्समधून चिंध्यांचं घर काढलं. चष्मा उजेडात धरला. उजव्या काचेवरचा ठसा तसाच होता. तीन महिने तिनं तो बघितला होता, पण मोजला नव्हता. आईची बोटं शिवणकाम करणारीची, बारीक, सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली. हा ठसा रुंद होता. अंगठ्याचा. पुरुषाच्या अंगठ्याचा.

तिनं तो पुसला नाही. चष्मा परत घरात घातला, घर पर्समध्ये ठेवलं. पलीकडे बाबा खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या समोर कुणी नव्हतं.